रॉक मशीनचं पुढे काय झालं

वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा निघाला. त्याच्या आदल्याच वर्षी मुंबईतला एक रॉक बँड दोन नावं, तीन अल्बम आणि तेरा वर्षांची वाटचाल मागे ठेवून थांबला होता. त्या तेरा वर्षांत वाशिम हा अकोला जिल्ह्याचा भाग. मुंबईला जायचं तर मीटरगेजच्या गाडीने अकोल्यापर्यंत आणि तिथून पुढे मोठ्या लाइनची गाडी. अकोला-पूर्णा मार्ग ब्रॉडगेज झाला तो २००८ मध्ये. आमच्याकडे वाजायची ती भीमगीतं, तांड्यावरची होळीतली लेंगी गाणी, लग्नातला बँड. मुंबईतली इंग्रजी कॅसेट या गाडीने कुणी आणली असेल तर तो शौकीन माणूस म्हणायचा.

आता या बँडचं सगळं संगीत फोनवर शोधता येतं, पण उलट्या क्रमाने. ॲप नवा अल्बम वर दाखवतं आणि जुने खाली ढकलतं. ऐकणारा शेवटाकडून सुरुवात करतो आणि मग त्याला वाटतं, हे लोक पहिल्यापासून असेच वाजवत होते. तसं अजिबात नाही. म्हणून रॉक मशीन, म्हणजेच पुढचं इंडस क्रीड, सालाच्या ओळीने ऐकावं असं माझं म्हणणं आहे.

पण थोडं मागूनच सुरू करू, कारण हे बी १९८४ मध्ये आकाशातून पडलेलं नव्हतं. मुंबईत रॉक होतं आणि त्यात एक अस्सल मराठी घर होतं, रंगभूमीवरच्या आत्माराम भेंड्यांचं. त्यांचा मुलगा नंदू भेंडे सत्तरच्या दशकात बँडमधून इंग्रजी गाणी गात होता. १९७४ मध्ये ॲलेक पदमसींनी 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' मुंबईत रंगमंचावर आणलं, तेव्हा त्याने त्यात ज्यूडास उभा केला. हे नाटक मुळात रॉक अल्बम म्हणूनच जन्मलं होतं. १९७० मध्ये रेकॉर्ड आधी आली, नाटक नंतर. पुढे १९७८ मध्ये पुण्याच्या थिएटर अकॅडमीने पु. ल. देशपांड्यांचं 'तीन पैशाचा तमाशा' केलं, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं. ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांच्या १९२८ च्या नाटकाचा तो मराठी अवतार. संगीताची जबाबदारी भास्कर चंदावरकर, आनंद मोडक आणि नंदू भेंडे या तिघांवर होती. भेंडे त्यात गायलाही. नाट्यसंगीतावर वाढलेल्या प्रेक्षकाने रॉकचा गळा मराठी शब्द उच्चारताना ऐकला. माझ्या मते रॉक मराठीत यायची खरी वाट तीच होती. सिनेमावाल्यांनी मात्र त्याला 'डिस्को डान्सर'मध्ये गायला बोलावलं आणि सामान्य माणसाला तेवढंच आठवतं. २०१४ मध्ये तो गेला.

रॉक मशीनने ही वाट धरली नाही. १९८४ मध्ये जमलेली ही मंडळी सुरुवातीला दुसऱ्यांची गाणी वाजवत, तेव्हाचे सगळेच वाजवत. गिटारवर महेश टिनईकर (आडनावावरून मराठी कान लगेच टवकारतो), बेसवर मार्क सेल्विन, दुसऱ्या गिटारवर जयेश गांधी, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया, ड्रमवर मार्क मेनेझिस आणि थोडं नंतर आलेला गायक उदय बेनेगल. मुंबई म्हणजे काय, ते या यादीतच दिसतं. १९८६ पासून धोबी तलावाच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' भरू लागलं आणि अशा बँडना उघड्यावरचं मोठं व्यासपीठ मिळालं. शेजारी रुग्णालयं असल्याने हे आवार शांतता क्षेत्रात आलं आणि पुढे २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी तिथला रॉक बंद पडला. कायद्याचं चुकलं असं म्हणणार नाही, पण तशी दुसरी जागा मुंबईला मिळाली नाही, हेही खरंच.

पहिला अल्बम 'रॉक अँड रोल रेनिगेड', १९८८. स्वतःची गाणी करून त्यांचा पूर्ण अल्बम काढायचा, हीच तेव्हा मोठी हिंमत. पण ऐकताना इकडची खूण फारशी सापडत नाही. ऐंशीच्या दशकातलं अमेरिकन हार्ड रॉक, मोठी गिटार, मोठा आवेश. १९९० चा 'द सेकंड कमिंग' जास्त सफाईदार आहे. कारागिरी वाढलेली दिसते, चेहरा तोच. मला हे दोन्ही अल्बम प्रेमाने ऐकवतात, पुन्हा लावावेसे वाटत नाहीत.

मग १९९१ मध्ये स्टार टीव्ही आला आणि त्याच्याबरोबर एमटीव्ही. 'टॉप ऑफ द रॉक' आणि 'प्रिटी चाइल्ड' या त्यांच्या गाण्यांचे व्हिडिओ छोट्या पडद्यावर दिसले. जगभरचे बँड आता एकाच चॅनलवर, तुमच्याच शेजारी. अशा वेळी तिकडच्यासारखं वाजवण्यात काय हशील? रॉक मशीन हे नाव तर कुठल्याही देशातल्या कुठल्याही बँडला चाललं असतं. १९९३ मध्ये त्यांनी ते टाकलं आणि इंडस क्रीड घेतलं. १९९५ मध्ये त्याच नावाचा अल्बम आला. त्याचा आवाज पहिल्या दोहोंपेक्षा पुष्कळ मोकळा, इथल्या हवेचा. आवेश कमी झाला आणि गाणं वर आलं. क्रमाने ऐकणाऱ्याला हा बदल लख्ख कळतो, उलटं ऐकणाऱ्याला कळायचं कारणच नाही.

नेमकं तेव्हाच घडी विस्कटली. १९९७ मध्ये बँड थांबला. हिंदी इंडीपॉपची लाट आली होती आणि इंग्रजीत गाणाऱ्या भारतीय बँडला बाजार उरला नव्हता. बेनेगल आणि गांधी न्यूयॉर्कला गेले, तिथे 'आम्स फॉर शांती' उभं केलं. २०१० मध्ये बेनेगल, टिनईकर आणि बालापोरिया पुन्हा जमले. बेसवर रुशद मिस्त्री, ड्रमवर जय राव कवी ही तरुण मंडळी आली. १९९५ नंतरचा पुढचा अल्बम 'इव्होल्व', २०१२ चा. त्याचं मिक्सिंग टिम पामरने केलं, ज्याने पर्ल जॅमचा 'टेन' मिक्स केला होता. सतरा वर्षांच्या खंडानंतर त्यांनी कुणासारखं वाजवण्याचा हव्यासच सोडून दिलेला दिसतो. 'फायरफ्लाइज' ऐका म्हणजे पटेल.

चारही अल्बममध्ये मला सर्वांत वरचा वाटतो तो १९९५ चा. पण तो आधी लावू नका. १९८८ चा पूर्ण ऐका, कंटाळा आला तरी ऐका, मगच त्याच्याकडे या.