डिस्क दुसऱ्या खोलीत असते तेव्हा

लिनक्सचे अपग्रेड करताना यंत्र आधी रीबूट करायचे आणि इतर काही सुरू होण्यापूर्वी पॅकेजेस बदलून घ्यायची, ही ऑफलाइन पद्धत जानेवारी २०१३ मध्ये आलेल्या फेडोरा १८ पासून रुळली. कारण रास्त होते. चालू प्रोग्रॅमच्या पायाखालची लायब्ररी बदलली की तो कधी कोसळेल याचा नेम नसतो. म्हणून मूळ डिरेक्टरीत 'सिस्टम-अपडेट' नावाची लिंक दिसली की सिस्टमडी नेहमीची वाट सोडून एका आडवाटेने यंत्र सुरू करते. या वाटेवर यंत्रातल्या डिस्क माउंट होतात, नेटवर्कवरच्या होत नाहीत. त्यांना जोडणारे 'रिमोट-एफएस' टार्गेट नेहमीच्याच वाटेवर राहते. ही निव्वळ तांत्रिक त्रुटी आहे असे मला वाटत नाही. युनिक्सच्याच एका जुन्या सवयीचा इथे विसर पडला आहे.

सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये एनएफएस (नेटवर्क फाइल सिस्टम) तयार केले, तेव्हा डिस्क महाग होत्या. सन ३/५० सारखी यंत्रे अनेक ठिकाणी डिस्कशिवाय चालत. कर्नलसुद्धा नेटवर्कवरून येई. त्या यंत्राच्या दृष्टीने आधी नेटवर्क, मग फाइल. डिस्क स्वस्त झाल्यावर हा क्रम उलटला, तरी प्रयोगशाळांतल्या 'ऑप्ट' किंवा 'यूएसआर-लोकल' या डिरेक्टरी सर्व्हरवरच राहिल्या, कारण शंभर यंत्रांवर तेच सॉफ्टवेअर शंभर वेळा कोण घालत बसणार?

म्हणून अपग्रेडच्या आडवाटेवरही नेटवर्कवरच्या डिस्क जोडता यायला हव्यात. यावर आक्षेप येतो की पॅकेजेस आधीच उतरवून ठेवलेली असतात, मग अपग्रेडच्या वेळी नेटवर्क हवेच कशाला? पण पॅकेज कुठून येते आणि ते कुठे ठेवायचे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. समजा 'ऑप्ट' एनएफएसवर आहे आणि ते माउंट झालेले नाही. अपग्रेड बिनतक्रार पार पडते. नव्या फाइली स्थानिक डिस्कवरच्या रिकाम्या 'ऑप्ट'मध्ये पडतात. रीबूटनंतर एनएफएस त्यावर पांघरूण घालते. पॅकेजची नोंद नवी आवृत्ती सांगते, चालते मात्र जुनी. चूक दाखवणारा संदेश कुठेच नाही, हे सर्वांत वाईट. गंमत म्हणजे ज्या यंत्राचे मूळच एनएफएसवर आहे ते इथे सहसा तरून जाते, कारण मूळ माउंट करून देणाऱ्या इनिट्रॅमएफएसने नेटवर्क आधीच उभे केलेले असते. अडकते ते अर्धे घरात, अर्धे बाहेर असलेले यंत्र.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: नेटवर्क आणले की अडचणीही येतात. सर्व्हर उत्तर देत नसेल, तर अपग्रेड ताटकळणार. हे खरेच, म्हणून सरसकट सगळ्यांसाठी नेटवर्क सुरू करणे मलाही पटत नाही. सिस्टमडीच्या नियमांनुसार अपडेट सेवेने आपल्याला लागणाऱ्या इतर सेवा स्वतःच मागवायच्या असतात. ज्या यंत्राला गरज आहे तिथे त्या सेवेला ड्रॉप-इन फाइल जोडून 'रिमोट-एफएस' मागवायचे आणि ते आधी पूर्ण होऊ द्यायचे, एवढेच. फक्त मागवणारे 'वॉन्ट्स' लिहून भागत नाही, क्रम ठरवणारे 'आफ्टर'ही लागते. नाहीतर माउंट आणि अपग्रेड एकाच वेळी धावू लागतात.