दूध पाजण्याच्या वेळेची मजुरी कुणी द्यायची?

हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत लहान मुलांना बैतुलमालमधून भत्ता मिळे. अट एकच, मुलाचं आईचं दूध तुटलेलं हवं. इब्न सअद यांनी नोंदवलेली हकीकत अशी की, रात्री गस्त घालताना उमर यांना एक बाळ सारखं रडताना ऐकू आलं. आधी त्यांनी आईलाच बोल लावला. मग कळलं, भत्ता सुरू व्हावा म्हणून ती वेळेआधीच त्याचं दूध तोडत होती. चूक आईची नव्हती, नियमाची होती. उमर यांनी भत्ता जन्मापासून लागू केला.

कुरआननेही हा भार एकट्या आईवर टाकलेला नाही. सूरह बकराच्या 233 व्या आयतीत पूर्ण मुदत दोन वर्षांची सांगितली आहे आणि आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर ठेवली आहे. सूरह तलाकमध्ये तलाकनंतर बाळाला पाजणाऱ्या आईला मोबदला द्यायला सांगितलं आहे.

आपल्याकडे गिरणी कामगार बायकांमुळे हा प्रश्न कायद्यापर्यंत गेला. जुलै 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आईच्या विश्रांतीत राष्ट्राचं हित पाहिलं आणि या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा, असं मत मांडलं. 1929 साली कायदा झाला. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती, त्यामुळे तो इथे लागू नव्हता. पुढे 1961 च्या केंद्रीय कायद्याने मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळेत दोनदा दूध पाजायची सवलत दिली. 2017 च्या दुरुस्तीने 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं केलं.

हे सगळं कारखान्यांना, दुकानांना, कार्यालयांना. मानवत-सेलूकडच्या रानात कापूस वेचणारी बाई त्यात बसत नाही. वेचणीची मजुरी किलोवर ठरते. बाळ धुऱ्यावरच्या झोळीत रडलं, ती आडोसा शोधून पाजायला बसली, की तेवढा कापूस कमी भरतो. ऊसतोडीत हेच टनावर होतं. म्हणजे पाजण्याची किंमत आईच्याच मजुरीतून जाते.

आपल्या घरांत आईकडून दूध बख्शवून घेण्याची रीत आहे. ज्यांच्या शेतात अशा बायका राबतात, त्यांनी निदान दोन वेळा पाजण्याइतकी मजुरी धरून द्यावी. त्यासाठी कायद्याची वाट पाहायची गरज नाही.