कायद्यातलं एक ‘वगळून’ आणि बर्मिंगहॅमचं छर्‍याचं पिस्तूल

आज जरा लांबची गोष्ट सांगतो. इंग्लंडमधली, शंभर वर्षांपूर्वीची. विषय आहे स्प्रिंगवर चालणारं छर्‍याचं पिस्तूल. ‘हे काय मध्येच?’ असं वाटेल, पण शेवटपर्यंत वाचा. कारण ही गोष्ट जितकी पिस्तुलाची, तितकीच कायद्याची आहे.

जत्रेत फुगे फोडायची बंदूक आपण सगळ्यांनी पाहिली आहे. नळी मोडायची, छर्रा घालायचा, नळी सरळ करायची, चाप ओढायचा. दारू नाही, धूर नाही. आत दाबलेली स्प्रिंग सुटते, ती दट्ट्या ढकलते आणि दट्ट्यापुढची हवा एकदम दाबली जाऊन छर्‍याला बाहेर फेकते. आता हेच सगळं पिस्तुलात बसवायचं म्हणजे खरी अडचण. लांब स्प्रिंग आणि हवेचं नळकांडं एका हातात मावणाऱ्या वस्तूत ठेवायचं कुठं?

हा प्रश्न बर्मिंगहॅमच्या कारागिरांनी सोडवायला घेतला. बर्मिंगहॅम म्हणजे इंग्लंडमधलं बंदुका बनवणाऱ्यांचं गाव. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीत अशी पिस्तुलं बनत होतीच. इंग्लंडमध्ये एडविन ॲन्सनने १९०७ मध्ये आपल्या रचनेचं पेटंट घेतलं आणि वेस्टली रिचर्ड्स कंपनीने ते पिस्तूल ‘हायेस्ट पॉसिबल’ नावाने विकलं. लिंकन जेफ्रीज हा हवेच्या रायफलींसाठी आधीच नावाजलेला माणूस. त्याने ‘लिंकन’ पिस्तुलात स्प्रिंग आणि नळकांडं चक्क मुठीत बसवलं. पुढे महायुद्धाच्या काळात फ्रँक क्लार्कचं ‘टायटन’ आलं. म्हणजे डोकं होतं, हात होते, पेटंटं होती. तरीही धंदा म्हणावा तसा वाढला नाही.

याचं एक कारण मला कायद्यात दिसतं. १९०३ च्या पिस्तूल कायद्याची व्याख्या मोठी ऐसपैस होती. ज्यातून गोळी किंवा कसलीही फेकवस्तू सुटते आणि ज्याची नळी नऊ इंचांपेक्षा जास्त नाही, ते पिस्तूल. ते दारूवर चालतं की हवेवर, याच्याशी कायद्याला देणंघेणं नव्हतं. विकत घ्यायचं तर परवाना दाखवा, नाहीतर फक्त स्वतःच्या घरात वापरणार हे पटवून द्या. आता निशाण्याच्या खेळासाठी एवढी यातायात कोण करणार?

मग पहिलं महायुद्ध झालं. लाखो सैनिक घरी परतले, काहींच्या सामानात पिस्तुलंही आली. रशियात क्रांती झालेली, आयर्लंड पेटलेलं, इंग्लंडमध्ये संपावर संप. सरकार धास्तावलं आणि १९२० चा शस्त्र कायदा आला. रिव्हॉल्व्हर किंवा रायफल ठेवायची तर पोलिसांकडून प्रमाणपत्र हवं आणि त्यासाठी सबळ कारण हवं. १९०३ चा कायदा रद्द झाला. पण नव्या व्याख्येत एक छोटं ‘वगळून’ होतं. हवेच्या बंदुका, रायफली आणि पिस्तुलं वगळून. गृहमंत्र्यांनी एखादा प्रकार ‘विशेष धोकादायक’ ठरवला तरच तो या कायद्यात येणार.

आता बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट कंपनीकडे बघा. १८८७ पासून ब्रिटिश लष्कराला रिव्हॉल्व्हर पुरवणारी ही कंपनी. युद्ध संपलं तशी लष्कराची मागणी आटली. वर सरकारने रिव्हॉल्व्हरचं काम एनफील्डच्या सरकारी कारखान्याकडे वळवलं. इकडे सामान्य गिऱ्हाइकाच्या वाटेत नवा कायदा आडवा. यंत्रं आहेत, कुशल कामगार आहेत, पण बनवायचं काय?

१९२४ मध्ये उत्तर आलं. डग्लस जॉन्स्टन आणि जॉन फर्न यांच्या रचनेवर बनलेलं वेब्ली मार्क वन हवेचं पिस्तूल. जागेचा प्रश्न त्यांनी झकास सोडवला. नळी ठेवली हवेच्या नळकांड्याच्या वर, तीही पुढच्या टोकाला बिजागरीवर. मागून सोडवून नळी पुढे उलटवली की तीच तरफ व्हायची आणि दट्ट्या पुढे ओढून स्प्रिंग दाबायची. चाप ओढला की दट्ट्या उलटा, नेमबाजाच्या दिशेने धावायचा आणि दाबलेली हवा मागच्या छिद्रातून वर जाऊन छर्‍याला ढकलायची. वेगळी लांब तरफ नको की लांबलचक सांगाडा नको. नंतर मार्क टू, ज्युनिअर, सीनिअर अशी भावंडं आली. १९३१ मध्ये ॲकल्स अँड शेल्व्होकने ‘वॉरिअर’ काढलं, त्यामागेही क्लार्क आणि ॲन्सनच.

नीट बघा, स्प्रिंग नवी नव्हती, दट्ट्या नवा नव्हता. नवं होतं कायद्यातलं ते एक ‘वगळून’. घाबरलेल्या सरकारने एक दार बंद करताना शेजारची खिडकी उघडी ठेवली आणि त्या खिडकीतून एक अख्खा धंदा उभा राहिला.

त्या खिडकीची दुसरी बाजूही आहे. छर्रा खेळण्यातला असला तरी जीव घेऊ शकतो. २००५ मध्ये ग्लासगोत हवेच्या बंदुकीचा छर्रा लागून दोन वर्षांचं मूल गेलं. स्कॉटलंडमध्ये हवेच्या शस्त्रांना परवाना सक्तीचा व्हायला २०१६ चं वर्षअखेर उजाडलं.

आपल्याकडेही २०१६ च्या शस्त्र नियमांत हवेच्या बंदुकीसाठी २० जूल ऊर्जा आणि ४.५ मिलिमीटर नळी अशी रेघ आहे. रेघेच्या आत असाल तर परवाना नको. रेघ कुठेतरी ओढावीच लागते, त्याबद्दल तक्रार नाही. पण ती ओढली की कारखाने, दुकानं आणि गिऱ्हाइकं सगळी त्या रेघेला चिकटून उभी राहतात, मग ती रेघ दारूबंदीची असो, प्लास्टिकबंदीची असो की वाळूउपशाची.

इतकी वर्षं बातमीदारी करून मला एक सवय लागली आहे. कुठलाही नवा कायदा आला की बंदी काय घातली हे मी नंतर वाचतो. आधी ‘व्याख्या’ वाचतो, मग ‘परंतुक’ आणि मग ‘वगळून’. उद्याचा बाजार तिथे लिहिलेला असतो. तुम्हीही वाचून बघा.