ब्रीदर पाइप काढून लोंबकळत सोडू नका. थ्रेशरच्या धुळीत इंजिनाचं नुकसान तिथूनच होतं

सोयाबीनचं थ्रेशर सुरू झालं की घाटावर चिखली-मेहकरकडं असो की घाटाखाली नांदुरा-मोताळ्याकडं, पांदण रस्त्यानं जाणारी दुचाकी भुसा आणि मातीच्या ढगातूनच जाते. एअर फिल्टर साफ ठेवायचा, हे आता बहुतेकांना माहीत आहे. पण त्याच फिल्टरच्या डब्याला इंजिनाकडून एक रबरी नळी येते, तिच्याकडं सहसा कुणाचं लक्ष नसतं. तिला ब्रीदर पाइप म्हणतात. इंजिनाची श्वास सोडायची जागा ती हीच.

इंजिनात पेट्रोल पेटल्यावर सगळा वायू सायलेन्सरनं बाहेर पडत नाही. रिंगा कितीही चांगल्या असोत, थोडा वायू त्यांच्या बाजूनं खाली उतरतो आणि ऑइल असलेल्या भागात, म्हणजे क्रँककेसमध्ये येतो. शिवाय पिस्टन खाली आला की तिथली हवा दाबली जाते. स्प्लेंडरचं इंजिन ९७.२ सीसीचं आहे, म्हणजे पिस्टन खाली येताना क्रँककेसमधली जागा दर वेळी तेवढी कमी होते. इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर असेल तर हे सेकंदाला १०० वेळा घडतं. त्या हवेला वाट पाहिजे. पाइप तुंबला किंवा सीटखाली दुमडला तर ती सील आणि गॅस्केटमधून वाट काढते. गिअरच्या शाफ्टचं सील नवीन टाकूनही महिन्याभरात ऑइल पाझरायला लागलं, तर पुन्हा सील बदलण्याआधी हा पाइप तपासायला सांगा.

पूर्वी बऱ्याच गाड्यांमध्ये ही हवा सरळ बाहेर सोडलेली असायची. जुन्या कास्ट आयर्न बुलेटला बदकाच्या चोचीसारखा रबरी व्हॉल्व्ह असे. हवा बाहेर जाई, आत येत नसे. आता तसं चालत नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले, त्यात क्रँककेसचा वायू उघड्यावर सोडायला मनाई आहे. म्हणून पाइप फिल्टरच्या डब्यात जातो आणि तो वायू पुन्हा इंजिनात ओढून जाळला जातो. बीएस-६ आधीच्या कार्बोरेटरवाल्या गाड्यांतही बहुतेक हीच जोडणी आहे.

आता खरी गडबड कुठं होते ते बघा. फिल्टरच्या डब्यात ऑइल आलं की काही ठिकाणी सोपा जुगाड केला जातो: पाइप डब्यातून उपसायचा आणि खाली सोडून द्यायचा. डबा कोरडा राहतो, मालकही खूश. पण बहुतेक गाड्यांत हा पाइप फिल्टरच्या पुढच्या, म्हणजे गाळलेल्या हवेच्या बाजूला जोडलेला असतो. पाइप काढला की तिथं बोटाएवढं भोक उघडं राहतं, आणि इंजिन त्यातून न गाळलेली हवा ओढायला लागतं. नवाकोरा फिल्टर टाकला तरी त्याचा उपयोग उरत नाही. बारीक माती ऑइलमध्ये मिसळली की सिलिंडरमध्ये पॉलिश पेपरसारखं काम करते. रिंगा झिजतात, मग खाली उतरणारा वायू वाढतो, डब्यात ऑइल आणखी येतं. शेवट बोर-किटच्या खर्चावर होतो, आणि तो पैसा नेमका रब्बीच्या पेरणीच्या वेळी काढावा लागतो. पाइपला चीर पडली किंवा क्लिप निघाली तरी हेच होतं. पाइप आणि क्लिप इंजिनाच्या कामापुढं फार स्वस्त पडतात.

डब्यात ऑइल येण्याची कारणं वेगवेगळी असतात, आणि सगळ्यात साधं कारण म्हणजे जास्त ऑइल. बाजारात ९०० मिलीचा डबा मिळतो म्हणून तो सगळा ओतायचाच असं नाही. गाडीच्या पुस्तकात ऑइल बदलताना किती टाकायचं तो आकडा दिलेला असतो, तेवढंच टाका. मोजताना गाडी मेन स्टँडवर, सपाट जागी लावा. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, तेवढाच वेळ थांबा आणि मग डिपस्टिक बघा. हिरो-होंडाच्या बऱ्याच गाड्यांत डिपस्टिक आवळायची नसते, नुसती टेकवायची असते. आवळून मोजली तर ऑइल जास्त दिसतं. पातळी बरोबर असून डबा भरत असेल आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल, तर रिंगांचा संशय घ्यावा. मेकॅनिककडं कॉम्प्रेशन गेज असेल तर इंजिन खोलायच्या आधी ते लावायला सांगा.

हिवाळ्यात डिपस्टिकला पांढरी साय दिसली की लोक घाबरतात. १ लिटर पेट्रोल जळलं की जवळपास तेवढंच पाणी वाफ होऊन तयार होतं. घरून शेत दीड-दोन किलोमीटर असेल तर इंजिन नीट तापायच्या आत बंद होतं, आणि वाफेचं पाणी ऑइलमध्ये राहतं. आठवड्यातून एखादवेळी पंधरा-वीस किलोमीटरची सलग फेरी झाली की ते निघून जातं. मात्र गाडी नाल्याच्या पुरात बुडाली असेल आणि ऑइल दुधासारखं झालं असेल, तर किक मारू नका, आधी ऑइल बदला.

डब्याच्या खाली बहुतेक वेळा एक छोटी पारदर्शक नळी असते, टोकाला टोपी असते. तिच्यात काळं पाणी-ऑइल साचतं. नळी भरलेली दिसली की टोपी काढून रिकामी करा आणि टोपी परत लावा. ती हरवली तर तेही धुळीला एक दारच. पावसात जास्त फिरणारी किंवा राजूर घाटासारख्या चढावर फुल थ्रॉटलनं चालणारी गाडी ही नळी लवकर भरते.

फिल्टरचं म्हणाल, तर फोमचा असेल तर साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, थोडं ऑइल लावून पिळून बसवा. पेट्रोलमध्ये धुऊ नका, आगीचा धोका असतो. तेलकट कागदाचा फिल्टर मात्र धुवायचा नाही, हवाही मारायची नाही, सरळ बदलायचा. पुस्तकातलं किलोमीटर साध्या रस्त्याचं धरलेलं असतं. रोज पांदणीत गाडी जात असेल तर त्याच्या बरंच आधी उघडून बघा. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचं पाणी सीटखाली फिल्टरच्या तोंडावर मारू देऊ नका, ओला कागदी फिल्टर फाटतो.

सर्व्हिसिंगहून गाडी घेताना सीट किंवा साइड पॅनल उघडून दोन गोष्टी बघून घ्या: ब्रीदर पाइप डब्यात घट्ट बसलाय का, आणि त्याची क्लिप जागेवर आहे का.