कृत्रिम माशी (गरीची)

कृत्रिम माशी : गरीवर पिसे, लोकर व दोरा गुंडाळून बनवलेले, किडा, अळी किंवा बारीक मासळी यांचा भास निर्माण करणारे आमिष. लाल लोकर आणि कोंबड्याची पिसे गरीला बांधून मॅसिडोनियात मासे धरत असल्याची नोंद इसवी सन २०० च्या सुमारास एलियन या रोमन लेखकाने केली आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात गळाच्या विनोदाला स्वतंत्र प्रकरण आहे. परंतु त्यातील भर माशांना खाऊ घालण्याच्या आमिषांवर आहे, तर माशीचा सारा डाव माशाच्या नजरेवर चालतो.

ट्राउट माशाला थंड पाणी लागत असल्यामुळे तो माळव्यात आढळत नाही, आणि म्हणून त्याच्यासाठी रूढ झालेले माश्यांचे नमुने उज्जैनच्या परिसरात जसेच्या तसे उचलण्यात अर्थ नाही. शिप्रेला मिळणाऱ्या गंभीर नदीचे वर्णन करताना कालिदासाने ‘मेघदूता’त जिच्या चपळ उसळ्यांना नदीच्या कटाक्षांची उपमा दिली, ती शफरी म्हणजे पुंटियस वंशातील लहान मासळी, असे सामान्यतः मानले जाते. तिचे तोंड इवलेसे असल्याने गरी १४ ते १८ क्रमांकाची घ्यावी लागते (क्रमांक वाढतो तशी गरी लहान होते). मरळ हा भक्षक मासा हवा घेण्यासाठी पृष्ठभागावर येतो. त्याच्यासाठी याउलट मोठ्या गरीवर फोमचा, बेडकासारखा तरंगणारा नमुना बांधतात. गढूळ पाण्यात रंगांचे बारकावे दिसेनासे होऊन आकृतीची गडद कडाच काय ती उरते, म्हणून तेथे काळी माशी उजवी ठरते.

बांधताना गरी लहान शिकंज्यात पकडून तिच्या दांडीवर डोळ्यापासून बाकापर्यंत दोरा घट्ट गुंडाळतात, म्हणजे पुढचे थर घसरत नाहीत. मग शेपूट, अंग आणि शेवटी मानेभोवती पिसाचे वेढे देऊन गाठीवर लाखेचा थेंब सोडतात. कोंबड्याच्या मानेचे ताठ पीस माशीला तरंगत ठेवते, तर कोंबडीचे मऊ पीस पाण्यात हलत राहते व म्हणून बुडत्या माशीला शोभते. अंगासाठी मोरपिसाच्या तंतूला तोड नाही, कारण त्याची झळाळी निव्वळ रंगद्रव्याची नसून सूक्ष्म रचनेतून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाची असते. मात्र तो नाजूक असल्याने दोऱ्याबरोबर पिळूनच गुंडाळावा. मोराने आपोआप टाकलेली पिसे देशात वापरता येतात, पण त्यांच्या निर्यातीला बंदी आहे. राखाडी रानकोंबड्याच्या मानेवरील मेणचट ठिपक्यांच्या पिसांना विलायती कृत्रिम माश्यांमध्ये एकेकाळी मोठा मान होता. आज हा पक्षी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे, त्यामुळे पाळीव कोंबड्याच्या पिसांवरच भागवावे लागते, आणि लहान माश्यांसाठी ती पुरेशी आहेत. माशी पाण्यात टाकण्यापूर्वी मात्र लक्षात ठेवावे की उज्जैनसह मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट या प्रजननकाळात मासेमारी बंद असते.