ओळख : प्रशांत किशोर – दुसऱ्यांना जिंकवलं, स्वतःच्या पक्षाला मात्र भोपळा

निवडणूक जवळ आली की मोबाईलवर सर्व्हेचा फोन येतो, गावात नवी घोषणा फिरते, 'अडचण सांगा' म्हणत पोरं दारात येतात. बऱ्याचदा यामागे पक्षाने पैसे देऊन नेमलेली टीम असते. या कामातलं देशातलं सर्वात गाजलेलं नाव म्हणजे प्रशांत किशोर.

सुरुवात
जन्म १९७७ चा, गाव बिहारच्या रोहतास जिल्ह्यातलं कोनार. वडील डॉक्टर. आधी त्यांनी संयुक्त राष्ट्रांसाठी आरोग्य क्षेत्रात काम केलं. २०११ च्या सुमारास ते गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी यांच्यासोबत आले. २०१४ च्या लोकसभेतल्या 'चाय पे चर्चा' आणि थ्रीडी सभांमुळे त्यांचं नाव झालं. पुढे त्यांची 'आय-पॅक' ही संस्था उभी राहिली.

कुणासाठी काम केलं?
- २०१५, बिहार : नितीश कुमार. महाआघाडीला २४३ पैकी १७८ जागा.
- २०१७, पंजाब : काँग्रेसचे अमरिंदर सिंग विजयी.
- २०१९, आंध्र : जगनमोहन रेड्डी. १७५ पैकी १५१ जागा.
- २०२० : दिल्लीत केजरीवाल विजयी.
- २०२१ : बंगालमध्ये ममता बॅनर्जी आणि तामिळनाडूत स्टॅलिन विजयी.

बंगालमध्ये भाजप तीन आकडी जागा गाठणार नाही, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. भाजप ७७ वर थांबला.

काम कसं चालतं?
आधी सर्व्हे करून लोकांची नाराजी शोधायची. मग नेत्याचा चेहरा पुढे करून एकच मुद्दा घरोघरी न्यायचा. बंगालमध्ये 'दीदी के बोलो' हा फोन नंबर दिला, लोकांनी थेट तक्रारी सांगितल्या. एका निवडणुकीच्या सल्ल्याचे आपण १०० कोटींहून जास्त घेतो, असं त्यांनीच २०२४ मध्ये बिहारच्या प्रचारात सांगितलं.

फसलेले डाव
उत्तर प्रदेशात राहुल गांधींच्या 'खाट सभे'नंतर लोक खाटाच उचलून घरी घेऊन गेले. २०१७ मध्ये तिथे काँग्रेसला ४०३ पैकी फक्त ७ जागा मिळाल्या.

स्वतःचा पक्ष
२०१८ मध्ये ते नितीश कुमारांच्या जदयूत गेले, २०२० मध्ये पक्षाने त्यांना काढलं. २ ऑक्टोबर २०२२ ला चंपारणमधून पदयात्रा सुरू केली आणि बरोबर दोन वर्षांनी 'जन सुराज' पक्ष काढला. २०२५ च्या बिहार निवडणुकीत जदयू २५ च्या पुढे जाणार नाही, असं ते ठासून सांगत होते. जदयूला ८५ मिळाल्या, जन सुराजला एकही नाही. ते स्वतः उभे राहिले नव्हते.

मतदारांनी काय समजायचं?
त्यांनी जिंकवलेल्या पक्षांकडे नेता, कार्यकर्ते आणि हक्काची मतं आधीच होती. नव्या पक्षाकडे ती नव्हती. प्रचार असलेल्या ताकदीला धार लावतो, नसलेली ताकद उभी करत नाही. म्हणून घोषणा ऐकावी, पण मत देताना उमेदवाराने गावात काय काम केलं तेच बघावं.