सय, हुशारी आणि उपचार

मानसोपचारात ‘माइंडफुलनेस’ रुळल्यापासून ‘सजगता’ हा शब्द वारंवार कानी पडतो. ‘जागृ’ धातूतून आलेली ‘जाग’ आपली जुनीच. ‘सजग’ ही घडण मात्र हिंदीकडून आली असावी. मूळ संज्ञा पालीतली, ‘सति’. पालीचे अभ्यासक ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ साली बौद्धांच्या ‘सम्मा सति’साठी ‘माइंडफुलनेस’ योजला. पुढे १९७९ साली जॉन कबात-झिन यांनी अमेरिकेत ताणाने आणि जुनाट वेदनेने गांजलेल्या रुग्णांसाठी ही साधना उपचारात आणली.

‘सति’ म्हणजे संस्कृत ‘स्मृति’. प्राकृतात तिचे ‘सइ’ झाले, आणि सासुरवाशिणीला माहेरची येते ती ‘सय’ हीच असावी! पालीत अर्थ आठवणीवरून ‘समोर चालले आहे ते निसटू न देणे’ इथवर सरकला. मराठीने आठवणच धरून ठेवली. सरकलेला अर्थ आपल्याकडे ‘भान’ सांभाळते. ‘भा’ म्हणजे प्रकाशणे. त्यावरून दिसणे, मग जाणवणे.

फारसीची वाट याहून रंजक आहे. ‘होश’ म्हणजे शुद्ध, जाणीव. ‘होशियार’ म्हणजे शुद्धीवर असलेला, सावध. त्याचा आपण ‘हुशार’ केला आणि शाळेत पहिल्या बाकावर बसवला. पण ताप उतरलेला माणूस उशीला टेकून बसतो, पेज मागतो आणि ‘आज जरा हुशारी वाटते’ म्हणतो, तेव्हा भानावर येणे आणि बरे होणे एकाच शब्दात नांदतात.

खुद्द ‘उपचार’ काय सांगतो? उप + चर्, जवळ जाऊन सेवा करणे. देवाच्या पूजेचेही सोळा उपचारच. ग्रीक ‘थेरापेइया’तही देवाची सेवा आणि रुग्णाची शुश्रूषा हे दोन्ही अर्थ आहेत. मानसोपचारात अध्यात्म आले म्हणून बिचकणाऱ्यांनी हे जरूर पाहावे. देव्हारा आणि रुग्णशय्या या शब्दाला कधी परकी नव्हती.

वसईकरांना तर ‘सति’ची ही चर्चा घरचीच वाटावी. ‘उदान’ या पाली ग्रंथातला बाहिय सुप्पारकाचा, म्हणजे वसईजवळच्या आपल्या सोपाऱ्याचा. पाहताना फक्त पाहावे, ऐकताना फक्त ऐकावे, हा बुद्धाचा उपदेश त्याला मिळाला. सुप्पारक हे संस्कृतातले शूर्पारक. ‘शूर्प’ म्हणजे सूप. १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी ज्या टेकाडातून तिथला स्तूप उकरला, त्या टेकाडाला गावकरी ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. सूप विणतो तो बुरुड! गावाच्या नावाचा अर्थ उलगडतानाच लोकांनी हा राजा घडवला असावा.

‘माइंडफुलनेस’साठी माझा कौल ‘सजगता’पेक्षा ‘भाना’ला आहे. वसईकडच्या वाडवळी किंवा सामवेदी कादोडी बोलीत ‘सय’ आणि ‘हुशारी’ कोणत्या रूपात, कोणत्या अर्थाने बोलली जातात, ते तिकडच्या वाचकांनी अवश्य कळवावे.